भुऱ्या जेवत नाही

[दृश्य: काचेची पेटी. दिव्याखालच्या दगडावर डोळे मिटून पडलेला सरडा.]

हा भुऱ्या. वय पाच वर्षं. जात बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे गळ्याखालची काटेरी दाढी फुगवणारा सरडा. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या मुलखातला, पण हा मेलबर्नला आमच्याकडे, माझ्या मुलाच्या खोलीत राहतो. एप्रिलमध्ये त्यानं खाणं सोडलं. नाकासमोरून रातकिडा गेला तरी मान वळेना.

आधी आम्ही निर्धास्त होतो. इथे एप्रिल म्हणजे थंडीची चाहूल, आणि थंडीत हे सरडे खाणं टाकून आठवडेच्या आठवडे झोपतात. पण नुसत्या झोपलेल्या सरड्याचं वजन फारसं घटत नाही. मुलानं त्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं. 342 ग्रॅम. मार्चमध्ये 398 होतं. सातवा हिस्सा गेला होता.

साताऱ्याहून आईचा फोन. "अगं, मऊ करून घाल की काहीतरी त्याच्या तोंडात! उपाशी कसा ठेवतेस?"

आजारी माणसाला गुरगुट्या भात भरवणाऱ्या घरात मी वाढले. सिरिंज आणूनही ठेवली होती. ती वापरली नाही, हे भुऱ्याचं नशीब. सरड्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते. घाईनं ढकललेला पातळ घास थेट फुप्फुसात जाऊ शकतो. आणि पोटात गेला तरी अंग थंड असेल तर तो पचत नाही, तिथेच कुजतो. आपल्या पोटाला ऊब आतून मिळते, त्याच्या पोटाला ती बाहेरूनच मिळवावी लागते.

[दृश्य: दवाखाना. हातमोजे घातलेली दोन बोटं, मध्ये सरड्याचा जबडा.]

डॉक्टरांनी खालचा जबडा हलकेच दाबला. हाडासारखा टणक लागायला हवा होता, तो रबरासारखा लवला. एक्स-रेमध्येही हाडं पुसट. त्यांनी विचारलं, "दिव्याची नळी कधी बदलली होती?"

मला आठवेना. नळी तर लख्ख पेटत होती!

पण त्या नळीतून दिसणाऱ्या उजेडाबरोबर न दिसणारे अतिनील किरणही यावे लागतात, आणि ते वर्षभरात पार मंदावतात. ते कातडीवर पडले तर शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल तर कितीही कॅल्शियम खाऊ घाला, अंगी लागत नाही. मग शरीर ते हाडांतून काढून घेतं. स्नायू ढिले पडतात, आतडी मंदावतात, भूक मरते. आणि मी? रोज सकाळी मायेनं पेटी खिडकीतल्या उन्हाला सरकवत होते. खिडकीची काच नेमके तेच किरण अडवते. हे आजही मनाला लागतं.

घरी आल्यावर नळी बदलली. मग दगड तपासला. पेटीला चिकटवलेला थर्मामीटर 40 अंश दाखवत होता. रोख धरून मोजणारा थर्मामीटर दगडावर धरला, तर 33! बल्ब बदलून दगड 40 वर आणला. कॅल्शियमचं औषध सुरू झालं. रोज सकाळी कोमट पाण्यात दहा मिनिटं, पाणी छातीपर्यंतच. नाकाच्या शेंड्यावर थेंब सोडला की गुलाबी जीभ बाहेर यायची, एकदा, दोनदा, आणि डोळे पुन्हा मिटायचे. अन्नाचा आग्रह आम्ही केला नाही. तेच सगळ्यात अवघड होतं.

[दृश्य: अंगणातली कुंडी. जास्वंदीचं एकच फूल.]

मे महिन्यातली एक दुपार. गणपतीला वाहतो ती लाल जास्वंद सरड्यांनाही चालते. मुलानं एक पाकळी दगडाशी ठेवली आणि हात मागे घेतला. भुऱ्यानं मान तिरकी केली. बराच वेळ नुसतं पाहिलं. मग जीभ आली आणि पाकळी आत गेली. ओठाच्या कडेला लाल ओलसर डाग.

मुलानं पळत जाऊन आजीला फोन लावला.

जबड्याला आलेला बाक आता जाणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. म्हणून त्याच्या भाज्या आम्ही बारीक चिरतो. नव्या नळीवर चिकटपट्टी लावून मुलानं तारीख लिहिली आहे. महिना मराठीत.