डाव संपल्यानंतरचा अर्धा तास

(दार. कुलूप उघडणारा हात. खिडक्यांमधून आत येणारा संध्याकाळचा उजेड.)

डाव सहाला सुरू होतात. काका पाचलाच येतात. बुद्धिबळ क्लबची किल्ली कित्येक वर्षं त्यांच्याच खिशात आहे. आधी खिडक्या, मग टेबलं, मग पट. पट मांडताना एक गोष्ट ते न चुकता बघतात: बसणाऱ्याच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर आलंय ना? नवखा माणूस हमखास इथेच पट उलटा लावतो. पांढरा वजीर पांढऱ्या घरात, काळा काळ्या घरात. आणि चारही घोड्यांची तोंडं समोरच्या बाजूला. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण कुणी घोडा वाकडा ठेवला तर काका जाता जाता तो सरळ करतात.

वय सत्तरीच्या पुढे. किताब एकही नाही. रेटिंग चढलं, उतरलं, पुन्हा थोडं चढलं. दहा वर्षांच्या मुलीपासून सगळेच त्यांना काका म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणतोय.

(वह्यांचा गठ्ठा. सुतळीची गाठ सुटते.)

स्पर्धेतला, क्लबातला, हरलेला, जिंकलेला प्रत्येक डाव त्याच रात्री या वह्यांत उतरलेला आहे. पहिल्या वहीचं पहिलं पान मात्र त्यांच्या स्वतःच्या डावाचं नाही. १९७२ साली आइसलंडमधल्या रेकयाविकला अमेरिकेचा बॉबी फिशर आणि सोव्हिएत संघाचा बोरिस स्पास्की जगज्जेतेपदासाठी खेळले, त्या लढतीतला हा सहावा डाव, वर्तमानपत्रातून उतरवून घेतलेला. पांढरी मोहरी असली की फिशर बहुतेक वेळा राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवायचा. त्या दिवशी त्यानं वजिराच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं उचललं आणि असा डाव खेळला, की शेवटी प्रेक्षकांबरोबर हरलेला स्पास्कीही टाळ्या वाजवत होता. पुढे लढत फिशरनं साडेबारा विरुद्ध साडेआठ गुणांनी जिंकली. काका ही हकिगत सांगतात तेव्हा गुण सांगत नाहीत. टाळ्यांपाशीच थांबतात.

आता पानं उलटताना नीट बघा. अक्षर तेच आहे, पण लिहिण्याची रीत बदलते. सुरुवातीला 'पी-के४'. म्हणजे प्यादं, राजाच्या रांगेत, चौथं घर. काळ्यानं तशीच चाल केली तरी तीही 'पी-के४'च, कारण जो तो आपल्या बाजूनं घरं मोजायचा. पटावरच्या एकाच घराला दोन नावं. १९८१ पासून जागतिक बुद्धिबळ महासंघानं, म्हणजे फिडेनं, फक्त बीजगणिती पद्धत ग्राह्य धरली, म्हणजे उभ्या रांगेचं अक्षर आणि आडव्या रांगेचा आकडा मिळून प्रत्येक घराला एकच नाव, आणि वहीत 'ई४', 'ई५' आलं. त्या सुमाराच्या पानांवर खाडाखोड आहे. या एका डावात तर पहिल्या अकरा चाली जुन्या रीतीनं आहेत आणि बाराव्यापासून नवी रीत.

(पिवळं पडलेलं पाकीट. कडा फाटलेली.)

हे पाकीट वहीतच ठेवलेलं होतं. क्लबातल्या मुलांना ते कशाचं हे सांगावं लागतं.

त्या काळी डाव एकाच बैठकीत संपेल असं नसायचं. ठरलेली वेळ झाली की डाव तहकूब व्हायचा. पण ज्याची चाल असेल त्याला तसं उठता येत नसे. त्यानं पुढची चाल पटावर न खेळता कागदावर लिहायची, समोरच्याला दिसू नये म्हणून हात आडवा धरून. मग दोघांचे चालींचे कागद पाकिटात घालून पाकीट बंद करायचं. त्यावर नावं, पटावरची स्थिती, कोणी किती वेळ वापरला, सगळं लिहायचं आणि पाकीट पंचांच्या ताब्यात द्यायचं. मग दोघं आपापल्या घरी रात्रभर तीच स्थिती मांडून बसायचे. एकाला माहीत असायचं आपण काय लिहिलंय. दुसऱ्याला प्रत्येक शक्यता तपासावी लागायची. झोप दोघांनाही नसायची.

आणि लिहिलेल्या चालीचे दोन अर्थ निघत असतील तर पाकीट उघडल्याबरोबर डाव गेला. काकांचा हा डाव असाच गेला. दोन्ही हत्ती एकाच रांगेत, दोन्ही त्याच घरात जाऊ शकत होते, आणि कुठला हत्ती हे लिहायचं राहिलं. कागदावरची ती ओळ कॅमेऱ्याजवळ धरून त्यांनी आम्हाला दाखवली. 'हत्ती डी१'. एवढंच लिहिलंय.

कॉम्प्युटरचा खेळ सुधारत गेला तशी तहकुबीची पद्धत नव्वदच्या दशकात मागे पडली. रात्रभर डोकं लावायचं ते आपलंच असेल याची खात्री राहिली नाही. १९९७ साली तर डीप ब्लू या कॉम्प्युटरनं जगज्जेत्या कास्पारोव्हला सहा डावांच्या लढतीत हरवलं.

(जुनं चावीचं घड्याळ. लाल निशाण हळूहळू उचललं जातं, पडतं.)

हे घड्याळ अजून चालतं. तासाला शेवटची काही मिनिटं उरली की मिनिटकाटा हे निशाण वर उचलू लागतो. निशाण पडलं की वेळ संपली. सामन्यांना आता डिजिटल घड्याळं असतात. चावीचं घड्याळ काका फक्त शिकवताना काढतात, कारण त्यावर वेळ जाताना दिसतो.

(छोटी मुलगी. पटावर चारच मोहरी.)

ही मुलगी आज प्याद्यांच्या शर्यतीत हरली. समोरचं प्यादं पळालं, आपला राजा पोचत नाही असं वाटलं आणि तिनं डाव सोडला. काकांनी सगळी मोहरी काढून फक्त चार ठेवलीत. तिचा पांढरा राजा पार कोपऱ्यात, एच८ वर, आणि तिचं प्यादं सी६ वर. काळा राजा ए६, त्याचं प्यादं एच५. "चाल तुझी. बरोबरी करून दाखव."

रिचर्ड रेटी या बुद्धिबळपटूनं १९२१ साली रचलेली ही स्थिती आहे. बघताक्षणी अशक्य वाटते. काळं प्यादं दोन चाली पुढे आहे आणि तिचं स्वतःचं प्यादं काळ्या राजाच्या हाताशी आहे. पण बुद्धिबळाच्या पटावर तिरकं चालायला सरळ चालण्याइतक्याच चाली लागतात. एच८ वरून एच५ ला तीन चाली, आणि तिरकं उतरत ई५ ला जायलाही तीनच. राजा जी७, मग एफ६, मग ई५. आता काळ्यानं पांढरं प्यादं खाल्लं तर राजा एफ४ ला जाऊन काळं प्यादं गाठतो. नाही खाल्लं तर तो डी६ ला जाऊन स्वतःच्या प्याद्याशेजारी उभा राहतो आणि दोघांचीही प्यादी पटाच्या टोकाला पोचून वजीर होतात.

(निवेदन थांबतं. तिचं बोट राजावर. जी७.)

पूर्वी टेबलं भिंतीपर्यंत लागायची, आज तीन लागली आहेत. ही जागा महिनाअखेर रिकामी करायची आहे. दुसरी अजून मिळालेली नाही.

(हस्तांदोलन. घड्याळ थांबवलेलं.)

आजचा काकांचा स्वतःचा डाव. समोर कॉलेजातला मुलगा. एकेचाळिसाव्या चालीला काकांनी हात पुढे केला, चालींच्या कागदावर निकाल लिहिला, सही केली. मुलाचा हात मोबाइलकडे गेला. चूक कुठे झाली हे त्यातलं इंजिन, म्हणजे बुद्धिबळाचा प्रोग्रॅम, क्षणात सांगेल. पण काकांना ती चाल का सुचली आणि समोरच्याला तेव्हा कशाची भीती वाटत होती, हे त्या दोघांनाच माहीत. म्हणून या क्लबात पहिला अर्धा तास मोबाइल पालथा ठेवतात. आम्हाला विचाराल तर खरं बुद्धिबळ आम्ही या अर्ध्या तासात पाहिलं. जिंकलेला आणि हरलेला एकाच बाजूनं पटावर वाकलेले, आणि दोघांची बोटं एकाच घोड्यावर.

काकांनी मोहरी मागे घेतली. कागदावर बोट ठेवलं.

"सतराव्या चालीपासून मांडूया. तिथे तू उंट मारला असतास तर?"