भट्टीत घातलेला जाळ जातो कुठे?

मित्रहो,

आमचा वाडा माळवदाचा. दिवाळी जवळ आली की आबा बाजारातून कळीचा चुना आणायचे आणि परसात एका जुन्या लोखंडी टिपाडात विझवायचे. खडे हातात घेतले तर गार. पाणी ओतलं की पहिल्यांदा काहीच व्हायचं नाही, नुसता सुंऽऽ असा आवाज. मग एकेक खडा तडकायचा, फुलायचा, आणि बघता बघता टिपाड रटरटायला लागायचं. खाली चूल नाही, लाकूड नाही, तरी वाफ. आबा हाताने मला मागे लोटायचे, "लेकरा, लांब हो. डोळ्यात उडालं तर डोळा जातो." ते खरंच आहे, म्हणून तुम्हालाही सांगतो. चुना उडाला तर डोळा चोळू नका, भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहा आणि तसंच दवाखान्यात जा.

त्या टिपाडात खाली जाळ नसताना पाणी उकळलं कशानं, हा माझा रसायनशास्त्रातला पहिला प्रश्न.

कळीचा चुना म्हणजे कॅल्शिअम ऑक्साइड. त्याचा पाण्याशी संयोग होतो तेव्हा दर मोलमागे, म्हणजे ५६ ग्रॅम चुन्यामागे, सुमारे ६५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. किलोचा हिशेब केला तर साधारण ११६० किलोज्यूल. शुद्ध चुना असेल आणि उष्णता वाया गेली नाही, तर एवढ्यात साडेतीन लिटर गार पाणी उकळीला येतं. पुस्तकात हिला ऊष्मादायी अभिक्रिया म्हणतात.

पण ही उष्णता चुन्यात आली कुठून? चुनाभट्टीतून. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कळीचा चुना उरतो. या कामाला त्याच ५६ ग्रॅम चुन्यामागे सुमारे १७८ किलोज्यूल लागतात. ही ऊष्माग्राही अभिक्रिया. जाळ बंद केला की ती थांबते, कारण तिला सतत देत राहावं लागतं. ऊष्माग्राही म्हटलं की भट्टीच पाहिजे असं मात्र नाही. हरभऱ्यावर फवारायला बादलीत युरिया कालवला की बादली बाहेरून गार लागते, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. ते विरघळणं आहे, रासायनिक अभिक्रिया नव्हे. पण भोवतालची उष्णता ओढून घेण्याचा प्रकार तोच.

आता हिशेब बघा. भट्टीत दिले १७८. टिपाडात परत मिळाले ६५. उरलेले ११३ कुठे गेले? हा आकडा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

त्याआधी वेगाबद्दल बोलू. पोरं हमखास इथेच चुकतात. उष्णता जास्त निघते म्हणजे अभिक्रिया जोरात होते, असं त्यांना वाटतं. तसं नाही. आमच्या घरी एका वर्षी आलेला चुना फार भाजलेला होता. विझला असं समजून गवंड्याने गिलावा केला आणि दोन महिन्यांनी भिंतीला फोड आले, पोपडे उडाले. पदार्थ तोच, दर मोलमागे निघणारी उष्णताही तीच. पण जास्त भाजल्यामुळे खड्यातली बारीक छिद्रं मिटली होती. पाण्याला आत शिरायला वाटच नव्हती. जे काम टिपाडात दहा-पंधरा मिनिटांत व्हायचं, ते भिंतीत दोन महिने चाललं. किती उष्णता हा एक प्रश्न आणि किती वेळात हा दुसरा. एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर सांगता येत नाही.

आपल्याकडे या दुसऱ्या प्रश्नाची किंमत ऊसवाल्याला विचारा. तोडलेल्या उसातली साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. मोळीला हात लावून काही कळत नाही, पण साखरेचा उतारा घसरतो. साखर फुटण्याचा हा वेग प्रयोगशाळेत पहिल्यांदा मोजला तो लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने, १८५० मध्ये. त्याने साखरेच्या पाण्यात आम्ल घातलं होतं. उसात तेच काम विकरं आणि जंतू करतात. तापमान वाढलं की वेग का वाढतो, याचं सूत्र १८८९ मध्ये स्वान्ते आऱ्हेनियसने मांडलं. प्रत्येक अभिक्रियेच्या वाटेत एक उंबरठा असतो, त्याला सक्रियण ऊर्जा म्हणतात. तो ओलांडण्याइतकी ऊर्जा थोड्याच रेणूंजवळ असते, आणि तापमान जरासं वाढलं तरी अशा रेणूंची संख्या भराभर वाढते. बऱ्याच अभिक्रियांचा वेग दर १० अंशांना दुपटीच्या आसपास जातो. डिसेंबरात फडात पडलेला ऊस आणि एप्रिलच्या उन्हात कारखान्याच्या गेटावर उभी असलेली ट्रॉली यांत म्हणूनच एवढा फरक पडतो. ट्रॉली उन्हात थांबली की नुकसान शेतकऱ्याचंच, आणि हे मला मनापासून खुपतं.

आता त्या ११३ कडे येऊ. विझलेला चुना भिंतीला लागला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो. या प्रवासात दर मोलमागे सुमारे ११३ किलोज्यूल बाहेर पडतात. ६५ आणि ११३ मिळून १७८! वाट कोणतीही घ्या, एकूण उष्णता तेवढीच राहते. जर्मेन हेस याने हा नियम १८४० मध्ये मांडला.

म्हणजे टिपाडात निघाली त्याच्या पावणेदोनपट उष्णता भिंतीत निघाली. तरी गिलाव्याची भिंत कधी कुणाला गरम लागली आहे का? संभाजीनगरचा बीबी का मकबरा बघा. खालचा भाग आणि घुमट संगमरवरी, बाकी बरंचसं पांढरं काम गिलाव्याचं. तेवढ्या चुन्यातून केवढी उष्णता निघाली असेल! पण हवेत कार्बन डायऑक्साइड फक्त ०.०४ टक्के. तो आधी छिद्रांतल्या ओलाव्यात विरघळायला हवा, मग आत सरकायला हवा. गिलावा एकदम वाळू नये म्हणून गवंडी ओलं तरट लावतात ते यासाठीच.

हा तुकडा माझ्या वाड्याचा आहे, चार महिन्यांपूर्वीच्या चुन्याच्या गिलाव्याचा. आत्ताच मोडला. त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकतो. हे द्रावण विझलेल्या चुन्यावर गुलाबी होतं, चुनखडीवर नाही. पुढे येऊन बघा. बाहेरची पातळ कड पांढरीच राहिली, तिथे चुनखडी झाली आहे. मधला सगळा भाग गुलाबी झाला. तिथे अजून चुना आहे, आणि त्याची उष्णता अजून निघायची आहे.