ट्रायल्सची तारीख आणि एक शतांश सेकंद

नमस्कार मंडळी! आज एका तारखेबद्दल बोलायचंय. ऑलिम्पिकसाठी पोहण्याची टीम निवडायची तर ट्रायल्स कधी घ्यायच्या, चार महिने आधी की पाच आठवडे आधी? ऐकायला ऑफिसातल्या कॅलेंडरची गोष्ट वाटते, पण ह्याच्यावर मेडलं जातात हो.

लंडन, 2012. ऑस्ट्रेलियाचा जेम्स मॅग्नुसन. मार्चमध्ये अ‍ॅडलेडच्या ट्रायल्सला त्यानं 100 मीटर फ्रीस्टाइल 47.10 सेकंदात मारली होती. लंडनच्या फायनलला त्याला लागले 47.53, आणि अमेरिकेचा नेथन एड्रियन भिंतीला टेकला 47.52 ला. एक शतांश सेकंद! मार्चमधला मॅग्नुसन त्या दिवशी पाण्यात असता तर आरामात जिंकला असता, हे मला अजून टोचतं.

असं का होतं, तर पोहणारा वर्षभर फुल स्पीडला नसतोच. महिनोन्महिने पोरं सकाळ-संध्याकाळ किलोमीटरवर किलोमीटर पोहत असतात, खांदे भरून आलेले असतात, थकवा अंगात मुरलेला असतो, तेव्हा कितीही जोर लावा टायमिंग येत नाही. मग मोठ्या स्पर्धेच्या दोन-तीन आठवडे आधी कोच अंतर कमी करत आणतो, वेगाचं काम मात्र चालू ठेवतो. ह्याला टेपर म्हणतात. शरीर ताजं होतं आणि त्या थोड्या दिवसांत बेस्ट टायमिंग निघतं. आता ट्रायल्सला टेपर केलं की तो ताजेपणा तिथंच खर्च झाला, पुढं परत मेहनत, परत टेपर.

ऑस्ट्रेलियाची पद्धत मार्च-एप्रिलची होती. 2016 ला ट्रायल्स एप्रिलमध्ये संपल्या, रिओला पोहणं सुरू झालं 6 ऑगस्टला, आणि मिळाली 3 गोल्ड. अमेरिकेच्या ट्रायल्स 3 जुलैपर्यंत ओमाहात चालल्या होत्या, त्यांना 16. त्यानंतर ऑस्ट्रेलियानं ट्रायल्स जूनमध्ये नेल्या आणि टोकियोत पोहण्यात 9 गोल्ड आणली, त्यांची आजवरची बेस्ट. एकट्या तारखेमुळं झालं असं मी म्हणणार नाही, कारण ब्रिटननं त्याच वर्षी एप्रिलमध्ये ट्रायल्स घेऊन टोकियोत 4 गोल्ड मारली. आणि ऑस्ट्रेलियाच्या केट कॅम्पबेलचं बघा ना, 2 जुलै 2016 ला तिनं 100 मीटर फ्रीस्टाइलचा वर्ल्ड रेकॉर्ड केला, 52.06, म्हणजे रिओच्या पाच आठवडे आधी, आणि फायनलला सहावी आली. म्हणजे पाच आठवडेसुद्धा फॉर्म टिकेलच असं काही नाही.

तरी माझं मत उशिरा ट्रायल्सच्याच बाजूनं आहे. एप्रिलमध्ये जो भरात होता तो ऑगस्टमध्ये असेलच असं नाही, आणि जूनमध्ये वर आलेलं पोरगं घरी बसून टीव्हीवर ऑलिम्पिक बघणार, हे मला पटत नाही. पण ह्यात क्रूरपणा आहेच, अमेरिकेत वैयक्तिक शर्यतीत पहिले दोनच जातात, त्या आठवड्यात ताप आला की चार वर्षं गेली.

आपल्याकडं मात्र गणित उलटं आहे, आणि मला खरं तर हेच सांगायचं होतं. आपल्या पोरांची मुख्य लढाई ऑलिम्पिकच्या ए कटशी असते, म्हणजे ऑलिम्पिकला थेट प्रवेश मिळवून देणाऱ्या ठरलेल्या टायमिंगशी. 2020 मध्ये देशातले तलाव महिनोन्महिने बंद, आपला कोल्हापूरचा जलतरणपटू वीरधवल खाडे तेव्हा जाहीरपणे म्हणाला होता की असंच चाललं तर रिटायरमेंटचा विचार करावा लागेल. मग टोकियोसाठी शेवटची मुदत 27 जून 2021, आणि साजन प्रकाशनं 26 जूनला रोममध्ये 200 मीटर बटरफ्लाय 1:56.38 मध्ये मारून ए कट मिळवला. असं करणारा पहिला भारतीय! लगेच तिथंच श्रीहरी नटराजनं 100 मीटर बॅकस्ट्रोक 53.77 मध्ये मारली. मी तेव्हा अक्षरशः ओरडलो होतो.

महिन्याभरानं टोकियोत साजनला लागले 1:57.22 आणि श्रीहरीला 54.31, दोघंही हीटमधूनच, म्हणजे पहिल्या फेरीतूनच बाहेर. पोरांचा काय दोष, सगळा जोर रोमलाच लावावा लागला होता. म्हणून आपल्या पोरांना चांगल्या परदेशी स्पर्धा फेब्रुवारी-मार्चमध्येच मिळाल्या पाहिजेत, कट तेव्हाच हातात आला की पुढचे चार महिने शांतपणे तयारी आणि दुसरं टेपर थेट ऑलिम्पिकसाठी.