प्रश्न तिच्या कपड्यांचाच का?

[पडद्यावर: जुन्या कॅमेऱ्याचं चित्र, 1886]

ताटलीसारखा गोल, चपटा कॅमेरा. कोटाच्या आत छातीवर लटकवायचा, भिंग बटणाच्या काजातून बाहेर काढायचं आणि हळूच दोरी ओढायची. काचेच्या एका तबकडीवर सहा फोटो. समोरच्याला पत्ताही लागत नसे.

चोरून फोटो काढण्याचं खापर आपण मोबाइलवर फोडतो. पण मोबाइल नव्हता तेव्हाही हे चालायचं. 1890 साली न्यूयॉर्कमध्ये मॅरियन मनोला ही अभिनेत्री पाय कंबरेपर्यंत झाकणारे तंग मोजे (टाइट्स) घालून रंगमंचावर काम करत होती. त्या वेषात फोटो नको, असं तिने साफ सांगितलं होतं. तरी प्रेक्षागृहातल्या बॉक्समधून, म्हणजे बाजूच्या खास सज्जातून, फ्लॅश उडाला. ती कोर्टात गेली आणि तो फोटो वापरायला कोर्टाने मनाई केली. हजारो प्रेक्षकांसमोर उभं राहणं तिला मान्य होतं, फोटो मान्य नव्हता. इतकी साधी गोष्ट होती, आणि ती पुढे कायदा विसरत गेला.

[पडद्यावर: सरकता जिना]

जिन्यावरच्या त्या माणसाचा हात नीट पाहा. फोन गुडघ्याच्या उंचीवर आणि कॅमेरा वरच्या दिशेने. फोन असा धरून कोणी काही वाचत नाही. वरच्या पायरीवरची बाई पुढे बघते आहे. तिला हे कदाचित कधीच कळणार नाही, आणि म्हणूनच तक्रारही होणार नाही.

आता अमेरिकेतलं बोस्टन. तिथल्या ट्रॅममध्ये एकाला बायकांच्या स्कर्टखालून असेच फोटो काढताना पोलिसांनी पकडलं. 5 मार्च 2014 रोजी मॅसेच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : गुन्हा नाही. का? कायद्यात शब्द होते ‘नग्न किंवा अर्धनग्न व्यक्ती’, आणि या बायका तर पूर्ण कपड्यांत होत्या! लोक इतके भडकले की दोन दिवसांत नव्या कायद्यावर गव्हर्नरची सही झाली.

लंडनमध्येही तेच. 2017 साली एका संगीत कार्यक्रमात जीना मार्टिन या तरुणीच्या स्कर्टखालून फोटो काढला गेला. तिने त्या माणसाचा फोन हिसकावला, गर्दीतून धावत जाऊन तो सुरक्षारक्षकांकडे दिला. पुरावा हातात, माणूस समोर. तरी फार काही करता येणार नाही, असं पोलिसांनी सांगितलं, कारण तिने अंतर्वस्त्र घातलेलं होतं. तिने मोहीम उभारली आणि एप्रिल 2019 मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये कायदा लागू झाला : जास्तीत जास्त दोन वर्षं कैद. मात्र त्यातही लैंगिक सुखाचा किंवा त्रास देण्याचा, अपमान करण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. ‘मित्रांना हसवायला काढला’ म्हणणाऱ्याला पळवाट उरते, आणि ही पळवाट मला फार मोठी वाटते.

भारतात 2013 पासून चोरून पाहणं आणि चित्रित करणं गुन्हा आहे. आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम 77. पण ते बाईच्या खाजगी कृतीपुरतं. रस्त्यात, पूर्ण कपड्यांतल्या बाईच्या छातीवर झूम केलेला फोटो त्यात बसत नाही.

[पडद्यावर: विमानाच्या खिडकीतून ढग]

जपानमध्ये पूर्वी प्रत्येक प्रांताचा वेगळा नियम असे. विमानात हवाई सेविकेचा असा फोटो काढला गेला, तर त्या क्षणी विमान कोणत्या प्रांतावर होतं, यावर प्रकरण अडायचं! जुलै 2023 मध्ये देशभर एकच कायदा आला, तीन वर्षांपर्यंत कैदेचा. पण मैदानावरच्या खेळाडू मुलींचे, त्यांच्या गणवेशातले, अवयवांवर रोखलेले फोटो त्यातूनही सुटले.

हे फोटो काढणाऱ्यांतले काही जण कपड्यांच्या आरपार पाहायला इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारे किरण टिपणारे) कॅमेरे आणतात. म्हणून 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी खेळाचे कपडे बनवणाऱ्या मिझुनो कंपनीने जपानी खेळाडूंकरता इन्फ्रारेड शोषून घेणारं कापड तयार केलं. वजनाला हलकं, घाम सुकवणारं, आणि आता कॅमेरा अडवणारंही. संशोधकांचं कौतुकच आहे. पण बंदोबस्त पुन्हा तिच्याच कपड्यांचा झाला. गॅलरीत बसून झूम करणाऱ्याला अजून कोणी विचारलेलं नाही, की तू तिला विचारलं होतंस का?