7 मीटर चढायला 140 मीटर

(वर्धा-बडनेरा मार्गावरच्या एका गावात, रुळांवरून जाणाऱ्या पादचारी व सायकल पुलाच्या उद्घाटनाच्या संध्याकाळी झालेलं व्याख्यान. वक्ते रेल्वेच्या रूळ-देखभाल विभागातून निवृत्त झालेले निरीक्षक.)

रामराम मंडळी. पाहुणे गेले, फीत कापून झाली, मंडपवाला खुर्च्या मोजून राह्यला. म्हणजे आता मोकळं बोलता येईल.

दुपारपासून चौघांनी मला एकच गोष्ट विचारली. "साहेब, पूल झ्याक झाला, पण रॅम्प इतका लांब काऊन केला? खालून गेलं तर वीस पावलं, आन् वरून तीनशे मीटर!" गणित त्यांचं बरोबर आहे. मी स्वतः फेरी मारून पाहिली, रमतगमत पाच मिनिटं लागली. तेव्हा आज या लांबीबद्दलच बोलतो.

पण आधी हे रूळ इथं आले कसे ते बघा. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची भुसावळकडून येणारी लाइन 1867 साली नागपूरला पोचली. ती कापसाच्या वासानं आली होती, आपल्या सोयीसाठी नव्हे. कुणाचं घर कुठं आणि वावर कुठं, हे रेघ मारताना कोण विचारणार? गाव अलीकडं राहिलं, वावरं पलीकडं. पुढं शाळाही पलीकडंच झाली, कारण जागा तिथंच होती.

मधे फाटक होतं, ते तुम्हाला आठवतं. एकामागून एक मालगाड्या, आणि फाटकापाशी बंड्यांची रांग. मग फाटक कायमचं बंद झालं आणि बदल्यात भुयारी रस्ता मिळाला. आपल्याकडं रूळ जमिनीच्या बरोबरीनं, म्हणजे खाली खड्डा खणणं आलं. काळ्या मातीत खणलेला खड्डा पावसाळ्यात काय होतो, हे मी शेतकऱ्याला सांगावं का? पाणी मुरत नाही, बाहेर जायला उतार नाही. जुलैपासून तिथं म्हशी बसायच्या, आणि पोरी सायकल खांद्यावर घेऊन रूळ ओलांडायच्या. मानव विकास कार्यक्रमातून सरकारनं सायकल दिली ती चालवायला. आपण ती उचलायला लावली.

म्हणून रूळ ओलांडणाऱ्याला मूर्ख म्हणू नका. रेल्वे कायद्याच्या कलम 147 मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. नोकरीत असताना तो कायदा मी लोकांना वाचून दाखवलाय. एक आजी डोक्यावर भारा घेऊन उभी होती. सगळं ऐकून म्हणाली, "बाप्पा, झालं असंन तं जाऊ का आता? बैल उपाशी हाये." काय उत्तर द्यायचं?

त्या आजीचा भरवसा कानावर होता, आणि तिथंच घात आहे. जुने रूळ तेरा मीटरचे तुकडे असायचे, फिशप्लेटनं जोडलेले. प्रत्येक जोडावर चाक खटकायचं. गाडी लांब असतानाच कळायचं, कोळशाच्या इंजिनाचा आवाज तर वेगळाच. आता रूळ वेल्डिंग करून सलग केलेत, इंजिन विजेचं. गाडी वाऱ्यासारखी येते आणि वारा उलट दिशेचा असला तर ऐकूही येत नाही. डोळाही फसवतो, समोरून येणारं मोठं धूड आहे त्यापेक्षा हळू येतंय असं वाटतं. ताशी 110 किलोमीटर म्हणजे सेकंदाला तीस मीटर. भारा घेऊन दोन लाइनी ओलांडायला बारा सेकंद धरा. तेवढ्यात गाडी साडेतीनशे मीटर पुढं आलेली असते. भरलेली मालगाडी ब्रेक लावल्यावर थांबायला किलोमीटरभर घेते, ड्रायव्हर बिचारा फक्त भोंगा वाजवू शकतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एक गाडी गेली की माणूस निघतो. तिच्या आडून दुसऱ्या लाइनीवरची येते. माझ्या नोकरीत मी जे पाहिलं त्यातलं पुष्कळ असंच घडलेलं. ते सांगत नाही, लेकरं बसलीत.

आता रॅम्प. वरच्या तारेत 25 हजार व्होल्ट आहेत. तिच्यापासून अंतर सोडून पुलाची चालायची पातळी रुळापासून साधारण सात मीटरवर येते. जिना केला असता तर सत्तेचाळीस पायऱ्या, कमी जागा, कमी पैसे. पण त्या आजीनं भारा घेऊन सत्तेचाळीस पायऱ्या चढायच्या? बारा मीटरला एक मीटर असा चढ ठेवला असता तर चौऱ्याऐंशी मीटरांत भागलं असतं. त्यावर दप्तर, डबा आणि मागं धाकटी बहीण बसवून पोरगी सायकल मारू शकत नाही, उतरून ढकलते. वीस मीटरला एक मीटर ठेवलं की बसल्या बसल्या चढते. वीस गुणिले सात, एकशे चाळीस. उतरायला तेवढेच, वर मधला पूल. तुमच्या तीनशे मीटरांचा हिशेब हा असा आहे.

पायाला वेळ का लागला, तेही विचारलं गेलं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर खांब ठेवला तर दोन वर्षांत तिरपा. तिच्याखालच्या टणक थरापर्यंत जावं लागलं. आणि मधला गर्डर तर रात्रीच्या ब्लॉकमध्ये चढवला, गाड्या थांबवून, तारेतली वीज बंद करून. त्या रात्री गावातली निम्मी माणसं धुऱ्यावर बसून बघत होती, मीही त्यात होतो.

एक नकोशी गोष्ट. 27 नोव्हेंबर 2022 ला बल्लारशा स्थानकावरच्या पादचारी पुलाच्या स्लॅबचा भाग कोसळला, माणसं खाली रुळांवर पडली, एका शिक्षिकेचा जीव गेला. पूल उभा दिसतो म्हणून तो धड असतोच असं नाही. पाणी कुठं साचतं, गंज कुठं धरतो, हे रोज जाणाऱ्याला आधी दिसतं. दिसलं की ग्रामपंचायतीत लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. दिवे लागले, पण त्यांचं बिल कोण भरणार हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. सरपंच इथंच बसलेत, हसू नका.

आणि शेवटचं. आज सकाळी रॅम्पच्या पायथ्याशी कुंपणाच्या तीन सळया वाकवलेल्या सापडल्या. उद्घाटन व्हायच्या आधीच! कुणी वाकवल्या ते विचारत नाही, मला अंदाज आहे. वेल्डर मंगळवारी येणार आहे. तोवर सकाळ-संध्याकाळ मी तिथं खुर्ची टाकून बसणार. चहा तेवढा पाठवत जा, साखर कमी.