ऑनलाइन गटात आपण गप्प का बसतो?

नमस्कार! बाहेर पाऊस धो-धो कोसळतोय, वीज कधी जाईल नेम नाही, म्हणून थेट विषयाला हात घालते.

तुमच्यातले बरेच जण गोव्यात डिचोली, सत्तरी, पेडण्याच्या मराठी शाळांत शिकवता. ऑक्टोबर २०२० मध्ये शिक्षकांचं 'निष्ठा' प्रशिक्षण 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन मंचावर आलं, तेव्हा १८ मॉड्युल केली होती, आठवतं? व्हिडिओ पाहा, प्रश्न सोडवा, प्रमाणपत्र घ्या. जमलं, कारण चुकलं तरी शेजारच्या शाळेतल्या बाईंना कळत नव्हतं.

गटानं करायच्या प्रशिक्षणाचं तसं नाही. पाच जणांनी एकाच गूगल डॉकमध्ये पाठ बांधायचा, एकमेकांच्या पाठावर लिहायचं. आणि दोन आठवडे डॉक कोरा! कारण काय, तर 'नेटवर्क नव्हतं.' सत्तरीत ते खरंही असतं म्हणा. पण माझ्याकडे नेटवर्क उत्तम होतं. मी पाठ वहीत लिहिला, दोनदा खोडला, नवऱ्याकडून शुद्धलेखन तपासून घेतलं, आणि तरी टाकला नाही. वीस वर्षं वर्गाचं दार ओढून शिकवलं की अर्धाकच्चा पाठ चारचौघांत ठेवायची लाज वाटते.

कोंडी फोडली पेडण्याच्या एका सरांनी. त्यांनी लिहिलं, "अपूर्णांकासाठी भाकरी मोडली. तीन तुकडे लहानमोठे झाले. मुलं म्हणाली, यातला कुठलाही एक तुकडा म्हणजे एकतृतीयांश!" संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी आपापली फजिती लिहिली. पाठ तिथून सुरू झाला.

गिली सॅमन या ब्रिटिश अभ्यासक ऑनलाइन शिकण्याच्या पाच पायऱ्या सांगतात. आधी आत शिरता येणं, मग ओळखपाळख, मग माहितीची देवाणघेवाण. एकत्र काही घडवणं येतं चौथ्या पायरीवर, आणि स्वतःच्या शिकण्याकडे वळून पाहणं पाचव्या. आपल्याकडे पासवर्ड मिळाला की लगेच चौथी! ओळखीला वेळ देणं म्हणजे वेळ फुकट, असं वाटतं ना सगळ्यांना.

आणि नुसतं वाचणाऱ्यांना नावं ठेवू नका. देवळातल्या भजनात नवा पोर मागं बसून टाळच धरतो, चाल कानात मुरते, मग कधीतरी गवळण म्हणतो. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये शिंप्यांच्या नि सुइणींच्या शिकण्यावरून हेच मांडलं. काठावर बसणं हेही शिकणंच. फक्त टाळ हातात हवा: एक प्रश्न, एक ओळ, काहीतरी.

तुम्ही गटप्रमुख असाल तर पहिल्या आठवड्यात पाठ मागूच नका. तुमचा फसलेला तास तीन ओळींत टाका आणि दोन दिवस थांबा.