‘मी आहे तोवर नाही’

नमस्कार मंडळी!

चार वर्षांपूर्वी आपल्या गणपतीत मुलींनी नऊवारी नेसून लेझीम खेळायचं ठरलं होतं, आठवतंय? माझी लेक तेव्हा चौदाची. बेत ऐकला आणि जिन्यातूनच ओरडली, ‘ओव्हर माय डेड बॉडी!’ नेमका व्हिडिओ कॉल चालू होता. पलीकडे ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागातल्या आमच्या वाड्यात, माझी आई मेथी निवडत बसलेली. ‘काय गं म्हणाली ती?’ मीही शहाणी, शब्दाला शब्द लावला : ‘म्हणते, माझ्या मढ्यावरून जा.’ आईच्या हातातली जुडी तशीच राहिली. ‘तिन्हीसांजेला काय हे अभद्र! वास्तू तथास्तु म्हणत असते, सांग तिला.’

आता पोरीनं कुठं मरण चिंतलं होतं? इंग्रजीत हा ठणठणीत नकार. समोरच्यानं बेत सांगितला की उत्तरादाखल एवढंच म्हणायचं, पुढं क्रियापदही लागत नाही. मी दारात आडवी पडेन, मला ओलांडून जायची हिंमत असेल तर जा, असं ते चित्र. पण घरात कुत्रं आणायचं की नाही यावरही लोक हे सर्रास म्हणतात, हसत हसत. फक्त माणूस जवळचा हवा. साहेबांना ऐकवू नये, आणि सुतकाच्या घरी तर नकोच.

आपल्याकडे ‘माझं मेलं तोंड बघशील’ आहे. वरवर सख्खं भावंड वाटतं, पण ती शपथ. तिनं समोरच्याचे हात बांधले जातात. इंग्रजीवाला स्वतः आडवा येतो, आपण दुसऱ्याला पापाची भीती घालतो. मला विचाराल तर आपली रीत जास्त जालीम.

आम्हा ग्वाल्हेरकरांना नकाराची गोष्ट निघाली की फुलबाग आठवतेच. राणी लक्ष्मीबाईंची समाधी तिथे. ‘माझी झाशी देणार नाही’ हे त्यांच्या नावावरचं वाक्य पाहा, त्यात मरणाचा शब्दसुद्धा नाही. जून १८५८ मध्ये त्या आमच्याच गावाबाहेर लढता लढता पडल्या. तेव्हा आमचे जयाजीराव शिंदे महाराज आग्र्याला इंग्रजांकडे निघून गेले होते. शिंद्यांच्या छावणीतून वसलेल्या लष्करात वाढलेल्या माणसाला हे सांगताना जरा आवंढा गिळावा लागतो, असो.

तर आईचा नकार. एक बिल्डर वाड्यासाठी खेटे घालत होता. दर वेळी आई चहा द्यायची, खारी द्यायची. तो म्हणायचा, ‘माताजी, अच्छे से सोच लीजिए.’ आई ओसरीवरच्या झोपाळ्यावरून, पायानं हलकासा झोका देत म्हणायची, ‘मी आहे तोवर नाही.’ मराठीतच. तो भिंडकडचा, पण त्याला नीट कळायचं.

‘ओव्हर माय डेड बॉडी’ला माझ्या मते हाच खरा मराठी शब्द. मढं नाही, अभद्र नाही, आणि तरी तितकाच पक्का.

गेल्या वर्षी आई गेली. तिसऱ्या महिन्यात आम्ही भावंडांनी कागदांवर सह्या केल्या. कुणी वाद घातला नाही. मुदत तिनंच सांगून ठेवली होती. झोपाळ्याच्या कड्या तेवढ्या मी इकडे घेऊन आले.